मान

हजेरीत चौदावा, वर्गात काका.
वय एकोणचाळीस, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष.
बारावी सायन्स दुसऱ्या फटक्यात, मार्क सांगत नाही.
त्याआधी अकरा वर्षं ॲम्ब्युलन्सचं स्टिअरिंग.
कळव्यापासून कळंबोलीपर्यंत
कुठल्या सिग्नलला रिक्षावाले बाजू देतात
आणि कुठल्या शिव्या, एवढं माझं शिक्षण.
आता ओठ निळे पडले की सायनोसिस म्हणायचं.
स्पेलिंग तनिष्का घेते, ती नववीत.
चुकलो की टेबलावर पेन्सिल आपटते, माझीच सवय.

रंजना कोळंबी सोलता सोलता म्हणते,
पुस्तकावर झोपू नको,
मान मोडून अभ्यास कर जरा.

मान म्हणजे सात मणके, हे ऑगस्टमध्ये कळलं.
जिराफाच्या मानेतही सातच. तनिष्काला हे फार आवडलं,
घणसोलीत भेटेल त्याला सांगत सुटली.

मग एका बुधवारी तांबोळी मॅडमनी
लादीवर झोपलेल्या सानिकाच्या डोक्यामागे गुडघे टेकले,
दोन्ही तळवे तिच्या कानांवर.
असं धरायचं. मधल्या रेषेत.
पट्टे बांधून होईपर्यंत हात काढायचे नाहीत,
कुणी काय ओरडलं तरी.
पोरं लिहीत होती.
माझं पेन ‘तरी’वर थांबलं.

महापे. रात्रीचे पावणेदोन. डंपर निघून गेलेला.
गळ्यातल्या आय-कार्डावर अशोक वाळंज, पॅकिंग विभाग.
खासगी गाडी, तिच्यात मी एकटा.
मी काखेत हात घातले, पानवाल्यानं पाय धरले,
चल, उचल, उचल,
मार्केटात गोणी उचलतात तसा.
त्याचं डोकं माझ्या छातीवर
या बाजूनं त्या बाजूला गेलं.
उचलताना बोटं हलत होती. पाणी मागितलं त्यानं.
वाशीला मागचं दार उघडलं तेव्हा हलत नव्हती.
घाबरला असेल, वाटलं.
नऊ मिनिटांत पोचवला होता. आमच्या स्टँडवर
अजून नव्या पोरांना सांगतात ते.

अशोक जगला.
कोपरखैरण्याला तळमजल्यावर असतो, खिडकीपाशी, चाकाच्या खुर्चीत.
दर दसऱ्याला शैलावहिनी मला बोलावतात.
त्याच्या तळहातावर आपट्याचं पान ठेवतात,
एकेक बोट मिटतात,
आणि ती मूठ माझ्या हातात देतात.
तुम्ही होतात म्हणून, म्हणतात.
दर वर्षी हेच, एवढंच.

यंदाही गेलो. पिशवीत पुस्तक होतं,
मानेच्या धड्यात बसच्या तिकिटाची खूण.
वहिनी चहा टाकायला आत गेल्या.
सांगून टाकावं म्हणून मी खुर्ची जवळ ओढली.
परीक्षा कधी, अशोकनं विचारलं.
डिसेंबरात.
मग इथं काय करताय? घरी जा,
मान मोडून अभ्यास करा.
म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला,
आणि मग हसायला लागला,
हसता हसता खोकला आला,
खोकला आला की त्याला कुणीतरी धरावं लागतं.

पोटाला आधार दिला. ओसरला.
मग मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो
आणि दोन्ही तळवे त्याच्या कानांवर ठेवले.
हे काय आता?
प्रॅक्टिकल आहे, म्हटलं.

आत कपबशा वाजल्या.
तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं
त्यानं डोकं माझ्या हातांत सोडलं, सगळंच्या सगळं.
साडेचार-पाच किलो भरतं, पुस्तकात दिलंय.
वहिनी ट्रे घेऊन दारात आल्या,
साखर किती घालू, म्हणाल्या,
दोनदा म्हणाल्या,
तरी.